इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: कुणाला भेटायचं, केव्हा आणि काय बोलायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा भाग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्या मुलामुलींसाठी आहे. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकावा, आणि पहिल्या वर्षाला शिकवणारं कुणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी शेवटी दोन गोष्टी वेगळ्या काढून ठेवल्यात.

मी बोलणार आहे ते आपल्या भागाबद्दल, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर पुणे, नगर नाहीतर संगमनेर गाठावं लागायचं. आज तसं नाही. मंचरजवळ अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ते २००९ साली सुरू झालं. शेजारीच शासकीय तंत्रनिकेतन आहे. जुन्नर तालुक्यात कुरणला, बेल्ह्याला, ओतूरजवळ डुंबरवाडीला कॉलेजं आहेत. म्हणजे कॉलेज दाराशी आलं. पण कॉलेज दाराशी आलं म्हणून मूल कॉलेजच्या आत पोचलं असं होत नाही. रोज गेटमधून आत जातं, वर्गात बसतं, एसटीची वेळ झाली की बाहेर येतं. वर्षअखेरीला विचारलं, "तुला कॉलेजात नावानं ओळखणारे किती जण आहेत?" तर मित्र सोडून एकही नाव निघत नाही. आणि ज्याला कुणी नावानं ओळखत नाही, तो गळाला तरी कुणाला कळत नाही. आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

बरं, हे असं का होतं?

आपल्या गावात कुणी कुठल्या कचेरीत सरळ जात नाही. तलाठ्याकडं जायचं तर चुलत्याला बरोबर घेतो. बँकेत जायचं तर ओळखीचं कोण आहे ते आधी बघतो. "अमक्याचा मुलगा" म्हटलं की काम सोपं होतं. आपण वाढलो ते ओळखीच्या माणसांत. कॉलेजात पहिल्या दिवशी ही सगळी ओळख गळून पडते. तिथं तुम्ही अमक्याचे कुणी नाही, रोल नंबर आहात. मुलगा मग गप्प राहतो. लाजाळू म्हणून नव्हे. अनोळखी दारात पाऊल टाकायची सवयच नसते आपल्याला.

दुसरं कारण कॉलेजच्या रचनेतच आहे. आपल्याकडं पहिलं वर्ष जवळजवळ सगळ्या शाखांना सारखं असतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग. हे शिकवणारा प्रथम वर्षाचा विभाग वेगळा असतो. त्यामुळं तुम्ही ॲडमिशन घेतलं कॉम्प्युटरला, पण कॉम्प्युटर विभागातल्या सरांची गाठ पडते थेट दुसऱ्या वर्षी. एक अख्खं वर्ष तुम्ही स्वतःच्याच विभागात पाहुणे.

आणि तिसरं कारण, प्रवेशाच्या फेऱ्या. एआयसीटीईनं २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घातला. त्याआधी २०११ पासून आयआयटी गांधीनगरनं पाच आठवड्यांचा असा कार्यक्रम चालवून दाखवला होता. कल्पना चांगली आहे. अभ्यासाला जुंपण्याआधी मुलांनी एकमेकांना, शिक्षकांना, परिसराला ओळखावं, थोडं खेळावं, थोडं बोलावं. पण आपल्याकडं कॅपच्या फेऱ्या लांबतात. पहिल्या फेरीत आलेल्यांना इंडक्शन मिळतं. शेवटच्या फेरीत किंवा संस्थेच्या पातळीवरच्या जागांवर जे येतात, ते येईपर्यंत स्वागत झालेलं असतं, ग्रंथालय दाखवून झालेलं असतं, मेंटॉर वाटून झालेले असतात. गणिताचं पहिलं युनिटसुद्धा संपत आलेलं असतं. आणि उशिरा येणारी मुलं बहुतेक वेळा कोण असतात? ज्यांच्या कागदपत्रांचा, पैशांचा किंवा माहितीचा घोळ झालेला असतो ती. म्हणजे ज्याला ओळखीची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच ओळखीचं पान कोरं राहतं.

तर आता काम काय करायचं ते बघू. मी पाच दारं सांगतो. पहिल्या पंधरा दिवसांत या पाचही दारांतून एकदा आत जाऊन यायचं. काम असो वा नसो. आणि एकटं जायची लाज वाटत असेल तर दोघं जा. सोबतीनं गेलं की पाऊल उचलतं, हे आपल्याला गावात माहीतच आहे.

पहिलं दार ऑफिसचं. त्यातही शिष्यवृत्तीची खिडकी. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत इंजिनिअरिंग पुरं होणार की नाही, हे गणिताच्या पेपरावर ठरत नाही, फीच्या पावतीवर ठरतं. म्हणून हे दार पहिलं.

थोडक्यात सांगतो. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. लक्षात घ्या, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. होस्टेल, मेस, बस हे त्यात नाही. "मुलींचं सगळं फुकट झालं" असं गावात बोललं जातं आणि मग ऐनवेळी बापाची धावपळ होते. राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती वेगळी बघा.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातली आदिवासी मुलं ऐकत असतील, त्यांच्यासाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय फार महत्त्वाचं. शासकीय वसतिगृहाचा अर्ज, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण-राहण्यासाठी थेट खात्यात पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, या दोन्हींची चौकशी तिथं करायची. आणि जात वैधता प्रमाणपत्राची फाइल कुठं अडकली असेल तर तोंडी चौकशीवर थांबू नका, पावती क्रमांक लिहून घ्या.

पण महाडीबीटीची खरी गोम वेगळीच आहे. अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. ऑफिसातले भाऊसाहेब तो तपासतात. कागद अस्पष्ट असला, नावात फरक असला, तर अर्ज परत पाठवतात, आणि तसा संदेश मोबाइलवर येतो. आता हा मोबाइल कुणाचा? अर्ज भरलेला असतो नेटकॅफेत, घाईत. नंबर कधी वडिलांच्या साध्या फोनचा, कधी चक्क नेटकॅफेवाल्याचा. संदेश येतो आणि विरून जातो.

याची एक गोष्ट सांगतो. नाव-गाव, कॉलेज काही सांगत नाही. एका मुलाचा अर्ज असाच परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो धूसर होता, एवढंच कारण. त्याला पत्ताच नाही. परत आलेल्या अर्जांची यादी नोटीस बोर्डावर लागली, पण हा एसटीनं जाऊन येऊन करणारा, शेवटचा तास सुटला की स्टँडकडं पळणारा. नोटीस बोर्ड बघायला सवड कुठं? मग एक दिवस फी भरण्याची सूचना वर्गात आली आणि त्यात याचं नाव. त्यानं घरी काही सांगितलं नाही. कांद्याला भाव नव्हता, वडील आधीच मेटाकुटीला आलेले. त्यानं आपलं आपण ठरवलं की शिक्षण बास. कॉलेजला यायचा बंद झाला.

हे लक्षात कुणाच्या आलं? लॅबमधल्या मामांच्या. त्याचं जर्नल आणि ॲप्रन टेबलावर तसेच पडून होते. मामांनी बॅच घेणाऱ्या मॅडमना सांगितलं, "मॅडम, तो आपटाळ्याकडचा पोरगा दोन आठवडे दिसला नाही." मॅडमनी फोन लावला. फोन वडिलांनी उचलला, त्यांना वाटत होतं मुलगा रोज कॉलेजला जातोय. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. मॅडम त्याला घेऊन भाऊसाहेबांकडं गेल्या. भाऊसाहेबांनी लॉगिन उघडलं, धूसर दाखला दाखवला, पुन्हा अर्ज भरायची मुदत चालू होती. पंधरा मिनिटांचं काम. पंधरा मिनिटांच्या कामावरून एका मुलाचं शिक्षण सुटत होतं.

या गोष्टीतनं काय घ्यायचं? मुदत चालू होती हे नशीब. दर वेळी नसते. पण मामांना तो मुलगा ओळखीचा होता, हे नशीब नव्हतं. तो प्रॅक्टिकलला आला की मामांशी दोन शब्द बोलायचा. बस, एवढंच.

म्हणून ऑफिसच्या खिडकीशी जाऊन तीन गोष्टी करा. अर्जावर स्वतःचा नंबर आहे का ते बघा. बँक खातं आधारला जोडलंय का ते बघा. आणि शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या भाऊसाहेबांना किंवा मॅडमना आपलं नाव सांगून ठेवा. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, तेही माणूसच आहेत. बोनाफाईड लागणार आहेच, एसटीच्या सवलतीच्या मासिक पासासाठी, बँकेसाठी. ते मागायला गेलात की ओळख आपोआप होते.

दुसरं दार लॅबचं. बघा, वर्गात साठ-सत्तर मुलं असतात. तिथं हात वर करून विचारणं सगळ्यांना जमत नाही. स्टाफरूममध्ये जावं तर एका हॉलमध्ये आठ-दहा शिक्षक बसलेले, सगळ्यांसमोर "मला हे येत नाही" म्हणायचं म्हणजे अंगावर काटा येतो. पण प्रॅक्टिकलला बॅच छोटी असते. सर तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. तुमच्या हातात वायर असते, समोर रीडिंग असतं. तिथं विचारणं सगळ्यात सोपं. शंकेची पहिली सुरुवात तिथं करा. आणि लॅब असिस्टंटना, मामांना, मावशींना नमस्कार करत जा. कुठलं मल्टिमीटर नीट चालतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तिसरं दार ग्रंथालयाचं. इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे, ती पुण्यातल्या लोकांना सांगून पटत नाही. ग्रंथालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं, अशी पाटी असते. पण आपल्याकडं संध्याकाळी उशिरा घरी जायचं कसं? फाट्यावर उतरून पुढं दोन किलोमीटर दोन्ही बाजूंनी ऊस. जुन्नर वनविभागातला बिबट्या ही काही पेपरातली बातमी नाही, ती आपल्या रस्त्यावरची गोष्ट आहे. दिवस मावळायच्या आत मुलगी घरात हवी, असं आई म्हणते तेव्हा ती काही मागासलेपणा करत नाही. म्हणून जाऊन येऊन करणाऱ्यांनी ग्रंथालय दिवसा वापरायला शिकलं पाहिजे. वेळापत्रकातला मोकळा तास, जेवणाची सुट्टी. पुस्तक घरी नेता येतं, बुक बँक असते का ते विचारा, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठं ठेवल्यात ते विचारा. ग्रंथपालांना काय हवंय ते सांगितलं तर ते शोधून देतात, तेच तर त्यांचं काम.

आणखी एक. आपली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीत केलेलं असतं, पण खरं सांगायचं तर क्लासमध्ये समजावलेलं मराठीतच असतं. इथं आल्यावर जाडजूड इंग्रजी पुस्तक बघून धसका बसतो. एआयसीटीईनं पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही करून घेतलीत, ती ई-कुंभ पोर्टलवर फुकट मिळतात. पेपर इंग्रजीतच लिहायचा असला तरी कल्पना आधी मराठीत पक्की करा. पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवा, भोवतीचं वाक्य मराठी असू द्या. समजलं की लिहिता येतं. उलटं होत नाही.

चौथं दार तुमच्या मेंटॉरचं. आपल्या बऱ्याच कॉलेजांत त्यांना जीएफएम म्हणतात, गार्डियन फॅकल्टी मेंबर. प्रत्येकाला वीस-पंचवीस मुलं वाटून दिलेली असतात. तुमचे जीएफएम कोण हे माहीत नसेल तर आजच विचारा. उशिरा ॲडमिशन झालेल्यांनी तर नक्कीच विचारा, कारण यादीत तुमचं नाव चढलंच नसेल. जीएफएमचा फोन घरी आला की आपल्याकडं समजतात, पोरानं काहीतरी केलं. हजेरी कमी, डिफॉल्टर लिस्ट, असलंच काहीतरी. पण हे दार खरं म्हणजे त्यासाठी नाही. घरी आजारपण आहे, रूमवर पटत नाही, अभ्यासाचा सूर लागत नाही, हे सांगण्याचं हे दार आहे.

आणि पाचवं दार तुमच्या स्वतःच्या शाखेचं. मेकॅनिकलला असाल तर मेकॅनिकलच्या वर्कशॉपपलीकडं, विभागात जा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दादा-ताईंना विचारा, काय चाललंय, प्रोजेक्ट कसले आहेत. शाखेच्या विद्यार्थी संघटनेचा कार्यक्रम असेल तर मागं उभं राहून बघा. वर्षभर नुसतं गणित आणि केमिस्ट्री करताना "मी हे कशासाठी करतोय" असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर या दाराआड असतं.

त्याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर आपल्या भागातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्यातल्या चौदा मध्यवर्ती भागात जवळजवळ आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण आपल्याच देशात आखली आणि बांधली गेली. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वजन आणि वारा दोन्ही पेलले नसते, म्हणून तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली. यात मेकॅनिक्स आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, सिव्हिल आहे, कंट्रोल आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं लोकांना बघायला मिळतं, विद्यार्थ्यांची प्रदर्शनं लागतात. आपली मुलं एसटीच्या खिडकीतून त्या तबकड्या लहानपणापासून बघतात आणि आत कधी जात नाहीत. सरांना म्हणा, "सर, आपल्याला जायचंय." शिक्षकांशी ओळख वाढवायला सहलीसारखी दुसरी संधी नाही.

आता पुढचा प्रश्न. दारात गेल्यावर बोलायचं काय?

"सर, मला काहीच समजलं नाही." हे वाक्य सरांना मदत करत नाही. काहीच म्हणजे काय, त्यांनी सुरुवात कुठून करायची? त्याऐवजी कुठपर्यंत येतं ते सांगा. उदाहरण देतो. ग्राफिक्सच्या तासाला ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन असतं. "सर, फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, इथपर्यंत कळलं. पण या ठोकळ्याला आत भोक आहे, त्याची रेषा इथं तुटक काढायची की सरळ, यात अडलोय." आता सर पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत दाखवतील. मेकॅनिक्समध्ये भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित असतं. "फ्री बॉडी डायग्राम काढला, जमिनीशी घर्षण कुठल्या दिशेनं दाखवू?" हा प्रश्न घेऊन जाणारा मुलगा सरांच्या लक्षात राहतो. हुशार म्हणून नाही. त्यानं स्वतः आधी प्रयत्न केला होता, म्हणून. वही उघडी घेऊन जा. अर्धवट सोडवलेलं गणित हीच तुमची ओळखचिठ्ठी.

आणि मेसेज करायचा असेल तर कृपा करून नाव लिहा. आपल्याकडं फोन केला की "हॅलो, मी बोलतोय" म्हणायची पद्धत आहे. घरी चालतं. सरांच्या फोनमध्ये शेकडो मुलांचे नंबर नसतात. नाव, डिव्हिजन, रोल नंबर, काम काय, आणि गणिताचा नीट फोटो. रात्री अकराला पाठवू नका. उत्तर लगेच आलं नाही तर सर रागावलेत असं समजू नका, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटा.

मला माहीत आहे, काही मुलं म्हणतील, "हे सगळं ठीक, पण आम्ही गेलो आणि सरांनी हाकललं तर?" होतं असं. एखादा माणूस कामात असतो, एखाद्याचा स्वभाव तुटक असतो. भाऊसाहेब एकदा खेकसले म्हणून ती खिडकी कायमची बंद झाली असं नाही. दुसऱ्या वेळी जा. तरी जमलं नाही तर त्याच कामाला दुसरं माणूस शोधा. गावात एका विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून कुणी शेती सोडत नाही.

पण काही गोष्टींत वाट बघायची नाही. कुणी रॅगिंग करत असेल तर महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२. मुलींना कुणी त्रास देत असेल, मग तो कुणीही असो, तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिची नावं बोर्डावर असायला हवीत. आणि मन फार जड झालं, झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटेना, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. स्वतःला लागले नाहीत तरी रूममेटला लागतील.

आणखी दोन वाटा सांगतो, या बऱ्याच मुलांना उशिरा कळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत कमवा व शिका योजना असते. कॉलेजच्याच ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत काही तास काम, त्याचे पैसे. त्यासाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटायचं. पैसे फार नसतात, पण महिन्याचा पास आणि वह्या निघतात. आणि जो ग्रंथालयात काम करतो त्याला सगळं कॉलेज ओळखतं. दुसरी राष्ट्रीय सेवा योजना. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात सर तुमच्या शेजारी बसून पिठलं-भाकरी खातात. त्यानंतर स्टाफरूमचं दार उघडायला भीती वाटत नाही.

आईवडिलांनाही एक सांगतो. टोमॅटोच्या तोड्याच्या दिवसांत तुम्हाला पालक मेळाव्याला येणं जमत नाही, हे समजू शकतो. पण मुलाला रोज "अभ्यास झाला का?" एवढंच विचारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा विचारा, "या आठवड्यात कुठल्या सरांशी बोललास?" उत्तर आलं नाही तर रागवू नका. पुढच्या आठवड्यात परत विचारा. आणि फीची अडचण असेल तर मुलाला स्पष्ट सांगा. घरची ओढाताण त्याला कळतच असते. ती आपण बोलत नाही म्हणून तो एकटाच निर्णय घेऊन बसतो.

आता शिक्षक मंडळींसाठी ठेवलेल्या दोन गोष्टी.

एक: "काही अडचण असेल तर केव्हाही या," असं आपण सगळे म्हणतो. मनापासून म्हणतो. पण आपल्याकडं अडचण घेऊन कुणाच्या दारात जाणं ही कमीपणाची गोष्ट मानतात. आणि "केव्हाही" म्हणजे प्रत्यक्षात कधीच नाही. त्याऐवजी असं म्हणून बघा: "बुधवारी दुपारी साडेबारा ते एक, रोल नंबर एक ते दहा, प्रत्येकानं सोडवलेलं एक गणित घेऊन यायचं." आता येणारा मुलगा अडचण घेऊन येत नाही, दिलेलं काम घेऊन येतो. दहा जण बरोबर येतात, त्यामुळं लाज उरत नाही. वेळ दुपारची, म्हणजे एसटी चुकत नाही आणि अंधार पडत नाही. शेवटच्या फेरीत आलेल्यांची वेगळी यादी करून त्यांचा एक दिवस तरी परिसर दाखवण्यात घालवा. तीन आठवडे नाही जमले, तीन तास तरी.

दोन: घरी पहिला फोन तक्रारीचा नसावा. पहिल्या महिन्यात प्रत्येक पालकाला एक फोन: "मी तुमच्या मुलीची जीएफएम बोलतेय, तिची ओळख झाली, काही लागलं तर हा माझा नंबर." दोन मिनिटं लागतात. पुढं कधी हजेरी कमी झाल्याचा फोन करावा लागलाच, तर पलीकडचा माणूस घाबरत नाही, बोलतो. आणि लॅबमधल्या मामांना, मावशींना, बसच्या ड्रायव्हरला, होस्टेलच्या रेक्टरना अधूनमधून विचारत जा, "कुणी दिसेनासं झालंय का?" हजेरीपत्रकाला जे महिन्यानं कळतं ते या मंडळींना आठवड्यात कळलेलं असतं.

हे सगळं कशासाठी? विद्यापीठाचा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो: पहिलं वर्ष पूर्ण निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. पहिल्या वर्षी राहिलेलं गणित दुसऱ्या वर्षभर मानगुटीवर बसतं, आणि मग कुणी म्हणतं, "पोराला झेपलं नाही." बऱ्याचदा झेपत असतं. विचारायला माणूस नसतो. किंवा माणूस असतो, पण त्याचं दार माहीत नसतं.

तर मुलांनो, उद्या सकाळी कॉलेजला गेलात की एक दार. फक्त एक. नाव सांगा, समोरच्याचं नाव विचारा, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी त्या पानावर पाच नावं असली पाहिजेत: ऑफिस, लॅब, ग्रंथालय, जीएफएम आणि तुमची शाखा. उशिरा ॲडमिशन झालेला एखादा मुलगा मागच्या बाकावर एकटा बसलेला दिसला, तर त्यालाही बरोबर घ्या.

हा भाग तुमच्या ओळखीतल्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.